फुतोन घालावा कसा, उचलावा कसा, वाळवावा कसा

जपानी घरातल्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, कायमची पडून नसते. रात्री ती अंथरायची, सकाळी उचलून कपाटात ठेवायची, की तीच खोली दिवसभर बसाउठायला मोकळी. टोकियोच्या निशी-कासाई भागात राहायला येणाऱ्या भारतीय कुटुंबांना जमिनीवर अंथरूण घालणे नवे नाही. नवी असते ती तिथली ओल. पहिल्याच पावसाळ्यात गादीला खालून बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि दोष फुतोनाला दिला जातो. बहुतेक वेळा तो रोज उचललेलाच नसतो.

झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभरात साधारण पेलाभर पाणी घामावाटे बाहेर पडते. वरून अंगाची ऊब, खालून गार जमीन. त्यामुळे ही वाफ गादीच्या तळाशी जाऊन थंडावते आणि तिथेच मुरते. तातामीची चटई त्यातली थोडी ओल शोषून घेते. लाकडी फरशी काहीच शोषत नाही, म्हणून फरशीवर थेट घातलेला फुतोन हिवाळ्यातसुद्धा खालून ओला सापडतो. फरशी असेल तर खाली सुनोको, म्हणजे फटी ठेवून जोडलेल्या लाकडी पट्ट्यांची फळी, घ्यायलाच हवी. सोबत ओल शोषणारी चादरही मिळते. तिच्यावरच्या खुणेचा रंग बदलला की ती उन्हात वाळवायची आणि पुन्हा वापरायची.

अंथरताना खाली शिकिबुतोन, म्हणजे गादी. एका माणसाची साधारण 100 बाय 200 ते 210 सेंटिमीटर. त्यावर चादर. अंगावर काकेबुतोन, म्हणजे साधारण 150 बाय 210 सेंटिमीटरची जाड रजई. उन्हाळ्यात रजईऐवजी टॉवेलच्या कापडाचे हलके पांघरूण पुरते. गादी भिंतीला चिकटवू नका, मध्ये हवा खेळू द्या. उशी उत्तरेला ठेवू नका. जपानमध्ये मृताचे डोके उत्तरेला ठेवतात. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये असे ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

सकाळी उठल्या उठल्या घडी घालणे ही सगळ्यात मोठी चूक. आतली ऊब आणि ओल घडीतच कोंडते. रजई पायथ्याकडे उलटून टाका, खिडकी उघडा आणि निदान अर्धा तास गादी तशीच राहू द्या. मग तिची तीन घड्यांत घडी करा: पायाकडचा तिसरा हिस्सा आत, त्यावर डोक्याकडचा. अशी घडी साधारण 70 सेंटिमीटर रुंद होते आणि ओशीइरेत, म्हणजे सरकत्या दारांच्या खोल कपाटात, नीट बसते. गादी खाली, रजई वर, उशी सगळ्यात शेवटी. जमल्यास हे सगळे वरच्या कप्प्यात ठेवा, कारण ओल खालच्या कप्प्यात जास्त साचते. तळाशी इथेही सुनोको घाला, मागच्या भिंतीपासून चार बोटे अंतर सोडा आणि दिवसा दारे थोडी उघडी ठेवा.

सुती गादीला आठवड्यातून एकदा-दोनदा ऊन दाखवावे, दोन्ही बाजू मिळून तीन-चार तास. वेळ सकाळी 10 ते दुपारी 3. त्यानंतर हवेतला दमटपणा वाढतो आणि वाळलेली गादी पुन्हा ओल धरते. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर उन्हाच्या भरवशावर राहू नका. पिसांच्या रजईला महिन्यातून एक-दोन वेळा, सावलीत, प्रत्येक बाजूला तासभर पुरतो. फोमची गादी मात्र उन्हात घालूच नका, ऊन फोम खराब करते. गादी मोठ्या चिमट्यांनी घट्ट अडकवा. काही उंच इमारतींत बाल्कनीच्या कठड्यावर गादी टाकायला मनाई असते, कारण ती खाली कोणावर तरी पडू शकते. तेव्हा आतल्या स्टँडवर वाळवा.

काठीने जोरात बडवण्याचा मोह टाळा. त्याने कापसाचे धागे तुटतात आणि धुळीतल्या किड्यांचे अवशेष आतून वर येतात. हाताने हलकेच झटका आणि मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, दर चौरस मीटरला निदान 20 सेकंद, सावकाश. ऊन ओल घालवते, पण हे किडे मारत नाही. त्यांना 50 अंशांच्या वर निदान अर्धा तास उष्णता लागते, जी फुतोन ड्रायर किंवा कॉइन लाँड्रीतला, म्हणजे नाणी टाकून यंत्रे वापरायच्या धुलाई-दुकानातला, मोठा ड्रायर देतो.

जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत टोकियोत पावसाळा असतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण उडतात. या दोन्ही काळांत गादी बाहेर नको, ड्रायरच बरा. ड्रायर लावून झाला की पांघरूण उघडून गादी पूर्ण निवू द्या. गरम असतानाच घडी घातली तर सगळी मेहनत वाया जाते.

तातामीवर बुरशी दिसलीच तर पाण्याने पुसू नका आणि ब्लीच लावू नका. पाण्याने ती पसरते, ब्लीचने चटईचा रंग जातो. 70 ते 80 टक्क्यांचे इथेनॉल फवारा, काही मिनिटे थांबा, जुन्या टूथब्रशने विणीच्या दिशेने घासा आणि कोरड्या फडक्याने टिपा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा शेगडी पेटती नको.

सुती फुतोन काही वर्षांत दबून चपटा होतो. तो लगेच टाकू नका. फुतोनच्या दुकानात कापूस काढून, पिंजून, नव्या खोळीत पुन्हा भरून देतात; आपल्याकडे पिंजारी करायचे तेच हे काम. टाकायचाच असेल तर रोजच्या कचऱ्यात जाणार नाही. टोकियोच्या 23 वॉर्डांत 30 सेंटिमीटरहून मोठी वस्तू साधारणपणे मोठ्या कचऱ्यात धरतात. आधी वॉर्डाकडे फोनने किंवा ऑनलाइन नोंदणी करा, सांगतील त्या किमतीचे स्टिकर कॉन्बिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, आणा, त्यावर नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहा आणि गादी दोरीने बांधून ठरल्या दिवशी सकाळी 8 च्या आत सांगितलेल्या जागी ठेवा.