गूगलवर आपली नर्सरी दिसत नाही? वेबसाइटच्या या चुका टाळा

वरूड-शेंदुरजनाघाट पट्ट्यातल्या संत्रा नर्सरीवाल्यांकडून एकच तक्रार ऐकतो: पैसे देऊन वेबसाइट केली, पण ‘संत्रा कलम वरूड’ शोधलं की आपलं नावच येत नाही.

वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर) साइट असेल तर आधी सेटिंग्जमधलं ‘रीडिंग’ उघडा. ‘डिस्करेज सर्च इंजिन्स’वर, म्हणजे ‘गूगलसारख्यांनी ही साइट दाखवू नये’ या पर्यायावर, खूण असेल तर काढा. साइट बनवताना केलेली ही खूण तशीच राहून जाते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मजकुराच्या चुकीने होतं. डीटीपीवाल्याकडचं पत्रक जसंच्या तसं चित्र म्हणून पहिल्या पानावर चिकटवलेलं असतं. भाव, पत्ता, कलमांची माहिती सगळं चित्रात. महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, असं गूगल स्वतःच सांगतं. तो टाइप करूनच टाका, आणि तोही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्याच पद्धतीत. कृतीदेवसारखा जुना फाँट असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तपासायचं कसं? एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. खिचडी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच घोळ होतो.

मग शीर्षक, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं नाव. प्रत्येक पानाचं शीर्षक ‘होम’ असेल तर गूगलने काय समजायचं? ‘संत्रा कलमे, जंबेरी खुंटावर – शेंदुरजनाघाट, ता. वरूड’ असं लिहा. शेतकरी ‘कलम’ आणि ‘खुंट’ (ज्या रोपावर कलम बांधतात ते; जंबेरी ही त्याचीच एक जात) म्हणतो. ‘दर्जेदार फलोत्पादन सेवा’ असं कोणी शोधत नाही हो!

‘कीवर्ड टॅग’ (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची लपलेली यादी) भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. पानाच्या तळाशी पन्नास गावांची नुसती नावंही कोंबू नका, गूगल त्याला स्पॅम मानतं.

फोटो लहान करून टाका, ‘जंबेरी खुंटावरचं संत्रा कलम’ असा ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारी, फोटोला जोडलेली ओळ) द्या. साइट मोबाइलवर उघडून बघा, गूगलही मोबाइलचीच आवृत्ती वाचतं.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ (पान पुन्हा वाचण्याची विनंती) दाबा. गूगलला पुन्हा यायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. लागवड पावसाळ्यात असते, तेव्हा हे काम एप्रिलमध्येच उरका.