बाकफिट्समधून मुलांना नेताना या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जायला लागतं, आणि धाकटं तेव्हा अजून पाळणाघरात असतं. सकाळी दोघांना दोन ठिकाणी सोडायचं म्हटलं की आम्स्टेलवेन असो नाहीतर आइंडहोव्हन, मराठी घरांत बाकफिट्सचा, म्हणजे पेटीवाल्या सायकलीचा, विषय निघतोच. पुढे मोठी पेटी, पेटीत बाकडं, बाकड्याला पट्टे. आणि मग कुणीतरी म्हणतं, "सायकल काय, शाळेत असल्यापासून चालवतोय की!"

पण त्या सायकलीवर शिकलेलं इथं अर्धंच कामाला येतं. नव्या मंडळींना धास्ती असते ती मोटारींची आणि वेगाची. मी आजवर मुलांसकट कलंडलेल्या ज्या बाकफिट्स पाहिल्या, त्या मात्र एकतर जागेवर उभ्या होत्या, नाहीतर माणसाच्या चालीनं वळत होत्या. म्हणून सुरुवात उभ्या गाडीपासूनच करू.

स्टँडवर उभी आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही

दोनचाकी बाकफिट्सचा स्टँड रुंद आणि दणकट असतो, त्यामुळे विश्वास बसतो. पण गाडी जराशी पुढे ढकलली गेली की बरेच स्टँड आपोआप वर उचलले जातात. मूल पेटीच्या कडेवर पाय देऊन चढतं, दुसरं मागून लोटतं, जमीन किंचित उताराची असते, आणि गाडी स्टँडवरून सुटते. जागा सपाट आणि कडक पाहा, ब्रेक दाबून धरा, पार्किंग ब्रेक असेल तर तो आधी लावा. मोटरवाली गाडी असेल तर मुलं चढत-उतरत असताना मोटर बंदच हवी. काही गाड्यांत पायडलवर नुसता पाय टेकला तरी मोटर जोर लावते.

क्रमही ठरवून घ्या. जे मूल पळतं ते आधी आत, पट्टा लावून. आणि उतरताना ते सगळ्यात शेवटी. आपण सहसा नेमकं उलटं करतो. धाकट्याला आधी खाली ठेवतो, मग मोठ्याचा पट्टा सोडायला वाकतो, आणि तेवढ्यात धाकटं फुटपाथच्या कडेला पोहोचलेलं असतं. डबा घरात राहिला म्हणून मुलांना पेटीत बसवून वर धावत जाणं हीही रोजची चूक. मुलं उतरवा किंवा डबा राहू द्या. शाळेत कुणी उपाशी ठेवत नाही.

सीटची उंची हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. साध्या सायकलीवर पाय सरळ व्हावा म्हणून सीट वर घेतात. इथं थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, कारण मोटरची गाडी आणि दोन मुलं मिळून वजन सहज ऐंशी-नव्वद किलोंवर जातं. ते थोडंसं कललं तर पाय रोवून सावरता येतं. चवड्यांवर उभं असाल तर नाही सावरत. आणि तोल हातातून गेलाच, तर झटका देऊन ओढण्याच्या भरात पडू नका. गाडी हळूहळू आडवी होऊ द्या. पट्टे लावलेले असतील तर मुलं पेटीतच राहतात.

पहिला सराव मुलांना घेऊन करू नका. आधी रिकामी चालवा, मग भारतीय दुकानातून आणलेल्या तांदळाच्या दहा किलोच्या पिशव्या मुलांच्या जागी पट्ट्यांत बांधून चालवा. वळण, अचानक ब्रेक, चढावर थांबून पुन्हा निघणं, हे सगळं तांदळाबरोबर होऊ दे. नजर पुढच्या चाकावर खिळली की हँडल डुगडुगतं. लांब रस्त्यावर पाहिलं की बहुधा थांबतं.

"तीनचाकी आहे, पडणार कशी?"

हा समज सगळ्यात महागात पडतो. तीनचाकी उभी असताना पडत नाही, हे खरं. पण वळताना दोनचाकी सायकल आत झुकते आणि तोल सांभाळते. पेटीला घट्ट जोडलेली दोन चाकं असलेली साधी तीनचाकी झुकू शकत नाही. वेगात वळलात की आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. रिक्षात बसलेल्याला हे सांगायला नको.

उपाय सोपा आहे: वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. स्वतःचं अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाका. एकच मूल असेल तर बाकड्याच्या मध्ये बसवा, आणि जड दप्तरं खाली तळाशी, आपल्या बाजूला ठेवा. चाक उचललंच आणि पुढे रस्ता मोकळा असेल, तर हँडल सरळ करणं हाच मार्ग. सिग्नलवरून निघतानाही हँडल वळलेलं असताना मोटरचा पूर्ण जोर देऊ नका.

तीनचाकीच्या अजून दोन खोड्या. पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे गाडी सारखी उजवीकडे ओढते. नव्या माणसाला वाटतं हँडल बिघडलंय. तसं काही नसतं, सवय होते. दुसरी खोड म्हणजे सायकल-रस्त्याच्या तोंडाशी मोटारी येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब. आपली गाडी पुढे किती रुंद आहे याचा अंदाज येईपर्यंत तिथं उतरून ढकलत न्या. फुटपाथच्या कडेवर एकच चाक चढवणं तर टाळाच. दोन्ही चाकं एकदम, सरळ.

चौकात आपल्याआधी मूल पोहोचतं

दोनचाकी बाकफिट्सची लांबी अडीच मीटरच्या आसपास असते, आणि चालवणारा मागच्या टोकाला बसलेला असतो. म्हणजे पार्क केलेल्या व्हॅनच्या आडून किंवा कुंपणाच्या कोपऱ्यावरून डोकावून बघेपर्यंत मुलांचे पाय रस्त्यावर आलेले असतात. माझ्या मते बाकफिट्समधली ही सर्वांत गंभीर चूक आहे, आणि ती रोज चालवणारेही करतात. कोपऱ्यापासून लांब, रस्त्याच्या थोडं मधून या, थांबण्याइतक्या वेगात या, आणि दिसत नसेल तर सरळ उतरा.

मोठा रस्ता दोन टप्प्यांत ओलांडताना मधल्या बेटावर गाडी मावते का, तेही पाहा. पुष्कळदा मावत नाही. एकतर पेटी पुढच्या लेनमध्ये राहते, नाहीतर मागचं चाक मागच्या लेनमध्ये. अशा जागी पूर्ण रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायचं, मागचे कितीही घंटी वाजवोत.

खूण वा पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम भारतातून आलेल्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. जमिनीवर पांढरे त्रिकोण असतील आणि त्यांची टोकं आपल्याकडे असतील, तर थांबणं आपलं काम. सिग्नलला ट्रकच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहू नका. तो उजवीकडे वळला तर पेटी त्याला दिसतच नाही. मागे राहा. आम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅममध्ये ट्रामचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच.

पट्टे, हेल्मेट आणि जाड जॅकेट

डच नियमानुसार आठ वर्षांखालच्या मुलाला सायकलवर अशाच जागी बसवता येतं जिथं पाठीला, हातांना आणि पायांना पुरेसा आधार मिळतो. दोन मुलांच्या बाकड्यावर तिसऱ्या मित्राला मधे कोंबून नेणं या कसोटीला उतरत नाही. "दोनच गल्ल्या जायचंय" हे कारण सगळ्यांकडे असतं.

पट्टा उन्हाळ्यात बसवलेला तसाच राहतो आणि थंडीत जाड जॅकेटवरून खांद्यावर घसरतो. ऋतू बदलला की तो पुन्हा बसवा. स्कार्फची लोंबती टोकं आणि पांघरुणाची कड पेटीच्या आत खोचा, विशेषतः तीनचाकीत, जिथं चाकं मुलांच्या हाताशी असतात. आईच्या ओढणीलाही तेच लागू.

हेल्मेट इथं साध्या सायकलीवर सक्तीचं नाही आणि डच मुलं बहुधा घालत नाहीत, त्यामुळे "इथं कोण घालतं?" हा सूर लागतो. भारतात २०२२ साली केंद्राने दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठी नियम काढला: चालकाशी बांधणारा हार्नेस, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट, आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग. सुट्टीला आलेले आजी-आजोबा त्यावरून टोमणा मारतात, आणि मला तो रास्त वाटतो. मात्र हेल्मेट मागून सपाट असलेलं घ्या. मागे फुगीर असेल तर बाकड्याच्या पाठीला टेकून मुलाची मान पुढे ढकलली जाते, आणि मूल ते काढून फेकतं. गोंड्याची टोपी किंवा उंच पोनीटेल आत असेल तर हेल्मेट डोक्यावर नुसतं तरंगतं. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतका पट्टा. आणि खेळाच्या मैदानात सोडताना हेल्मेट आठवणीनं काढून घ्या. झोक्या-घसरगुंडीत ते अडकलं तर गळ्याला फास बसू शकतो.

तान्हं बाळ

स्वतः नीट बसता येत नसलेल्या बाळाला बाकड्यावर उशा लावून बसवू नका. मोटारीतली बाळाची सीट पेटीत बसवण्यासाठी त्या-त्या गाडीचे खास आधार मिळतात. स्प्रिंग असलेला घ्या, दोरीनं बांधून जुगाड करू नका. विटांच्या रस्त्यांवर अगदी हळू, आणि अंतर थोडं. बाळाला छातीशी बांधून सायकल चालवणं मात्र नकोच. आपण पडलो तर बाळ आपल्या अंगाखाली येतं.

रोजच्या कुरबुरी

हँडल आधी ठीक होतं आणि आता थरथरतंय? पुढच्या चाकातली हवा पाहा, मग पेटीखालून जाणाऱ्या दांड्याचे सांधे हलवून बघा. ढिले झाले असतील तर दुकान गाठा. ब्रेक पूर्वीपेक्षा खोल दाबावा लागतोय, तर पॅड झिजलेत. एवढ्या वजनाला ते साध्या सायकलीपेक्षा फार लवकर जातात. पेटीवर लावलेल्या पावसाच्या तंबूत वाफ साचून मुलं कुरकुरत असतील तर वरची झडप उघडा. उन्हात तोच तंबू तापतो, तेव्हा काढून घरी ठेवा. वादळी वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी तंबू लावून पुलावरून जाऊ नका, आडवा वारा तो शिडासारखा धरतो. आणि लक्षात ठेवा, आपण पायडल मारून घामाघूम होतो, मूल मात्र न हलता वाऱ्यात बसलेलं असतं. कपडे त्याच्या हिशेबानं घाला.

जुनी गाडी घेताना

नवी महाग म्हणून बरेच जण वापरलेली घेतात. रंग आणि घंटी पाहून पैसे देऊ नका. पेटीखाली वाकून फ्रेमचे वेल्डिंगचे जोड टॉर्चच्या उजेडात तपासा. केसाएवढी रेघ किंवा गंजाची सरळ ओळ दिसली तर सौदा तिथंच सोडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हीडब्ल्यूए या डच ग्राहक सुरक्षा यंत्रणेनं बाबू कंपनीला बाकफिट्सची विक्री थांबवायला आणि काही मॉडेल्स परत बोलवायला लावली, ती फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळेच. कुठल्याही कंपनीची असो, फ्रेमवरचा नंबर घ्या, कंपनीकडे तपासा, आणि विकणारा नंबराचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.