पत्र्याच्या खोलीला कमी खर्चात आतून छत

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या पत्र्याखाली दुपार काढणे म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना खरोखर सोसत नाही. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे, त्यामुळे ऊन आत उतरेपर्यंत संध्याकाळ होई. पत्र्याखाली ते काम मधल्या हवेकडून करून घ्यावे लागते. म्हणून छत कशाचेही केले तरी पत्रा आणि छत यांच्यामध्ये निदान अर्धा फूट पोकळी ठेवावी आणि समोरासमोरच्या भिंतींत, पत्र्याच्या लगेच खाली, जाळी लावलेले झरोके काढावेत. नाहीतर कोंडलेली हवा तापून तीच धग खाली देत राहते.

त्याआधी गळती शोधावी. भर दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवा बंद करून वर पाहावे. जिथे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो, तिथून पावसाळ्यात पाणी येणारच. ही भोके बहुधा हुकांपाशी असतात, कारण तिथला रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतो. वायसर तेव्हाच बदलावेत. छत लागल्यावर हे काम करायचे म्हणजे लावलेले सारे पुन्हा उतरवणे आले.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते या हवेला सर्वांत योग्य छत बांबूच्या तट्ट्यांचे. पत्रा ज्यांवर बसवलेला असतो त्या लोखंडी पाइपांना जाड तारेने लाकडी पट्ट्या टांगून, दोन-दोन फुटांवर त्यांची चौकट करावी आणि तट्टे खालून खिळ्यांनी ठोकावेत. बांबूला भुंगा लागला की पिवळसर भुकटी अंथरुणावर गळत राहते, म्हणून तट्टे आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण वाळवावेत, आणि लावताना वरून जुन्या सुती साडीचे अस्तर टाकावे, म्हणजे पत्र्याखालची धूळही अडते.

थोडा अधिक खर्च झेपत असेल तर पीव्हीसीच्या पट्ट्या चांगल्या. त्या एकमेकींत अडकतात, त्यांना वाळवी लागत नाही आणि ओलीने त्या फुगत नाहीत. मात्र तापलेल्या पत्र्याजवळ त्या मऊ पडून झोल खातात, तेव्हा इथे पोकळी कमी करू नये. पीओपी किंवा जिप्सम पत्र्याखाली लावू नये, कारण एका गळतीत डाग पडून ते फुगते. थर्माकोल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चुलीच्या वर तर तट्टे आणि पीव्हीसी यांपैकी काहीच नको. तेवढा भाग उघडा सोडावा.

पंखा छताला न टांगता थेट लोखंडी पाइपाला टांगावा. वायरी त्यांच्यासाठीच्या वेगळ्या पाइपातून न्याव्यात, कारण छतावर उंदीर फिरतात. एका कोपऱ्यात दोन फुटांचे उघडता येणारे झाकण ठेवावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी वर डोकावून वायसर पाहता येतात.