वस्तीतल्या अभ्यासवर्गात शिकवायला जाताय? या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की वस्तीतल्या अभ्यासवर्गांना नवे ताई-दादा मिळतात. कोणी राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायला येतं, कोणाला श्रेयांक हवे असतात, कोणाला खरंच मुलांची आवड असते. कशासाठीही या, माझी हरकत नाही. नुसते तास भरायला आलेले पुढे पदवीपर्यंत टिकतात आणि हौसेनं आलेले दिवाळीआधी गळतात, असंही होतं. माझी तक्रार वेगळी आहे: टिकणाऱ्यांपैकीही बरेच जण वर्षभर मनापासून येतात आणि मुलं मात्र होती तिथेच राहतात.

गृहपाठ उरकून देऊ नका

संध्याकाळी मुलं दप्तर उघडतात. "ताई, बाईंनी प्रश्नोत्तरं दिलीत." तुम्ही फळ्यावर उत्तरं लिहिता, मुलं उतरवून घेतात, वही पूर्ण, सगळे खूश. आता चौथीतल्या एखाद्या मुलीची वही हातात घ्या. सुबक अक्षर, सरळ शिरोरेघा, लाल पेनानं आखलेला समास. त्याच पानावरच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवून "हे वाच" म्हणा. ती उत्तर पहिल्यापासून म्हणू लागेल, कारण ते तिला पाठ आहे. पुन्हा त्याच ओळीवर आणलंत की गप्प. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी ती इतके दिवस अक्षरं काढत होती.

म्हणून पहिला आठवडा पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वाचनाची जी साधी चाचणी असते, तीच इथे पुरते: आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडेल तिथून सुरुवात. गट इयत्तेवर पाडू नका, या पातळीवर पाडा. पाचवीच्या मुलाला दुसरीच्या मुलांत बसायला लाज वाटते हे खरं, पण गटांना 'हुशार' आणि 'कच्चे' म्हणणं बंद केलंत तर निम्मी लाज जाते. नावं मुलांनाच ठेवू द्या. गृहपाठाला शेवटची वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. वही अपुरी राहिली म्हणून शाळेत बोलणी बसतील अशी भीती मुलांना असते; वर्गचालकांनी शिक्षकांशी एकदा बोलून घेतलं की हा प्रश्न बहुतेक सुटतो.

गणितातल्या एका अडचणीचा ताप नव्या ताई-दादांना हमखास होतो. "त्रेसष्ट लिही" म्हटलं की मूल ३६ लिहितं, "एकोणसाठ" म्हटलं की ६९. लगेच "लक्ष कुठंय तुझं?" म्हणू नका, लक्ष तुमच्याकडेच आहे. त्रेसष्टमध्ये आधी तीन ऐकू येतात, एकोणसाठमध्ये साठ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी 'वीस एक' अशी संख्या वाचनाची पद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्या वादात कोणाचीही बाजू घ्या, अभ्यासवर्गात ही पद्धत कामाला येते. आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे करा. सहा गठ्ठे, तीन सुट्या काड्या: 'साठ तीन', म्हणजेच त्रेसष्ट. हातात गठ्ठे आले की अंकांची उलटापालट हळूहळू कमी होते.

"मुलं ऐकतच नाहीत"

आधी मुलांनी शेवटचं कधी खाल्लंय ते विचारा. शाळेतली खिचडी दुपारीच जिरलेली असते. वर्गात मूठभर शेंगदाणे-गूळ देण्याची सोय होत असेल तर ओरडण्याचे बरेच प्रसंग टळतात. दुसरं, तुम्ही आल्यावर फळा पुसून, खडू शोधून, हजेरी घेऊन सुरुवात करता. तोवर वर्ग हातातून गेलेला असतो. मुलं यायला लागताच करायला काहीतरी असू द्या: कोडं, चित्र, चिठ्ठीतला शब्द. सारखं उठणाऱ्या मुलाला पाट्या वाटायचं काम द्या.

आणि धाकट्या भावंडांना "घरी सोडून ये" असं मुळीच म्हणू नका. पाचवी-सहावीतली मुलगी भावाला कडेवर घेऊन येते, कारण आई धुणीभांड्याच्या कामावर असते. भाऊ नको म्हणालात तर उद्यापासून तीही येणार नाही. कोपऱ्यात एक पाटी, चार रंगीत खडू आणि ठोकळे ठेवा. गोंगाट होईल, होऊ द्या.

'व्हतं', 'म्या' म्हणणाऱ्या मुलाला बोलताना मध्येच दुरुस्त करू नका. प्रमाण मराठी वाचनातून येते. घरी कन्नड किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर आणखी धीर धरा.

फोटो, वाढदिवस, फोन

तासांचा पुरावा म्हणून हजेरीवही असते. मुलांचे चेहरे रीलमध्ये टाकायचे नाहीत, पालकांची आणि संस्थेची परवानगी असल्याशिवाय फोटोही नको. आपल्या वाढदिवसाला केक आणायचा मोह आवरा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दादाकडे तीच मागणी होते, आणि त्याच्या खिशात परतीच्या बसपुरतेच पैसे असतात.

मुलाला एकट्याला घेऊन बंद खोलीत बसू नका, स्वतःहून घरी सोडायला जाऊ नका, फोन नंबर वाटू नका. हे तुमच्यावरच्या अविश्वासातून आलेलं नाही, नियम सगळ्यांना सारखाच.

एखादं मूल मार, छळ किंवा नको असलेल्या स्पर्शाबद्दल बोललं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही. शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून त्याच दिवशी वर्गचालकांना सांगा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

परीक्षा आली की

सेमिस्टरच्या परीक्षेला तुम्ही सुट्टी घेणारच. चूक होते ती न सांगता गायब होण्यात. मुलं दोन दिवस दाराकडे बघतात, तिसऱ्या दिवशी तीही येत नाहीत. वेळापत्रक लागलं की तारखा भिंतीवर लिहा, कधी परत येणार तेही लिहा आणि बदली ताई-दादाला एकदा वर्गात आणून ओळख करून द्या. प्रत्येक मुलामागे वहीत एक ओळ ठेवा. "छान प्रगती" असलं काही लिहू नका, उपयोगाचं लिहा: 'शब्द वाचते, जोडाक्षर आलं की थांबते, रफार अजून घेतला नाही.' म्हणजे बदली आलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा क-ख-ग-घ पासून उजळणी घ्यावी लागत नाही.