पंप ठेवताना बॅटरी निम्मीच भरा

आंबा-काजूचा हंगाम आटोपला की पाठीवरचा फवारणीचा बॅटरीपंप मांगरात जातो, तो कलमांना नवी पालवी फुटेपर्यंत. (सुपारीवाल्यांना मध्ये बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारायला लागतो, तेवढं सोडा.) ठेवताना बॅटरी फुल्ल करायची हा नेम आपण शिशाच्या बॅटरीवर शिकलो. तिला तो लागूच आहे. लिथियमला तोच नेम मारतो.

तेव्हा आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. पुसलं असेल तर हातात तोलून बघा: शिशाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच किलो भरते, लिथियमची त्याच्या निम्म्याहूनही हलकी.

लिथियम पूर्ण भरलेली असताना उकाड्यात पडून राहिली की तिची ताकद कायमची घटते. अगदी रिकामी ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत इतकी उतरते की चार्जरही दाद देत नाही. म्हणून ४० ते ६० टक्के. ११.१ व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर १२.६ दाखवतो, ठेवताना तो ११.४ च्या आसपास असावा. १२.८ लिहिलेला पॅक लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियमचा, त्याचा आकडा मधल्या टप्प्यात फारसा हलतच नाही, तिथे मीटरवर विसंबू नका. सोपी युक्ती अशी: बॅटरी फुल्ल करा आणि एरवी चालते त्याच्या निम्मा वेळ पंप साध्या पाण्यावर चालवा. नळी आणि नोझलही धुऊन निघतात.

मग बॅटरी पंपातून काढा, टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा माजघरात, जमिनीपासून वर. पत्र्याखालचा माळा नको. पाऊस लागेपर्यंत तिथे भट्टी असते. मोरचूद आणि खतांच्या शेजारी तर नकोच, आपल्या खाऱ्या दमट हवेत टोकं हिरवी पडायला वेळ लागत नाही. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढताच दव धरतं.

नागपंचमीच्या सुमारास एकदा बघा, उतरली असेल तर पुन्हा निम्म्यापर्यंत आणा. विजा चमकत असतील त्या दिवशी चार्जिंग राहू द्या. दसऱ्याला अवजारं पुजायला काढाल तेव्हा मूळच्याच चार्जरने पूर्ण भरा, कोणीतरी जागं असताना.

फुगलेला पॅक मात्र चार्जही करू नका, उघडूही नका. घराबाहेर, पावसाआड, मोकळ्या चिऱ्यावर ठेवा, सुक्या पानांच्या पातेऱ्यापासून लांब, आणि दुकानदाराला परत द्या.