पश्चिमेकडून धूळ आली तर बागेत काय करावे, काय टाळावे

जानेवारी ते मे या काळात पश्चिम आणि वायव्येच्या वाऱ्याबरोबर दूरची धूळ आपल्याकडे येऊ शकते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती. ती पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आली होती. एप्रिल २०१५ मध्ये अरबस्तानातल्या वादळाची धूळ मुंबईपर्यंत पोहोचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर आफ्रिका खंडातल्या इथिओपियात हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख येमेन, ओमानवरून दोन दिवसांत भारतावर आली.

मात्र ती राख विमाने उडतात त्या उंचीवर होती. विमानफेऱ्या रद्द झाल्या, पण जमिनीवरच्या हवेत आणि पिकावर तिचा परिणाम नगण्य होता. म्हणून अशी बातमी आली की आधी धूळ कोणत्या उंचीवर आहे ते पाहा. बागेतली चार-पाच पाने पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके स्वच्छ राहिले तर काही करायचे नाही. ‘राखेवरचे औषध’ म्हणून कोणी काही विकायला आले तर पैसे खिशातच ठेवा.

धूळ खाली उतरली असेल तर त्या दिवशी फवारणी बंद ठेवा. धुळीने माखलेल्या पानावर औषध नीट पसरत नाही. ग्लायफोसेटसारखे तणनाशक तर धुळीच्या कणांना चिकटून निकामी होते. तणनाशकासाठी गढूळ पाणी वापरू नये, त्याचेही कारण हेच.

आंब्याचा मोहर फुललेला असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्यांचे काम तेव्हा चालू असते, शिवाय ओलाव्याने करपा वाढतो. मोहरावर तुडतुड्यांचा (रस शोषणाऱ्या किडीचा) चिकटा असेल तर धूळ तिथेच बसते, म्हणून चिकटा दिसताच तुडतुड्यांचा बंदोबस्त करा. फळधारणा होऊन कैरी वाटाण्याएवढी झाली की सकाळी साध्या पाण्याची हलकी फवारणी चालते. गोटी ते अंड्याच्या आकाराच्या फळांना कागदी पिशव्या घातल्या तर फळमाशी आणि धूळ दोन्हींपासून राखण होते. मजुरी लागते खरी, पण डाग नसलेल्या हापूसच्या पेटीत ती वसूल होते.

द्राक्षात पाणी उतरलेले, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागलेले घड धुण्याचा मोह होतो, तो टाळा. मण्यांवरचा नैसर्गिक मेणासारखा पांढुरका थर निघून जातो, घडात पाणी साचते, मणी तडकतात आणि कूज लागते. ब्लोअरने फक्त हवा मारून जेवढी धूळ उडेल तेवढी उडवा. घडांना पेपर लावलेला असेल तर तो लगेच काढू नका.

यानंतर आठ-दहा दिवस लक्ष ठेवायचे ते लाल कोळीवर, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर. पानावर धूळ बसली की कोळी खाणाऱ्या मित्रकीटकांना अडचण होते आणि कोळीचे फावते. द्राक्ष, डाळिंब, वांगी, गुलाब यांच्या पानांची खालची बाजू भिंगातून बघा. जाळी आणि हलणारे ठिपके दिसले तरच कोळीनाशक घ्या.

इथे एक फसगत होते. गहू, सोयाबीन, घेवडा, बटाटा यांच्या जुन्या पानांवर, वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात तांबूस किंवा पांढरट बारीक ठिपके येतात, पण खाली किडीचा मागमूस नसतो. हे ओझोन वायूचे काम असू शकते. वाहने, कारखाने आणि जाळलेला काडीकचरा यांच्या वायूंवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतो. हवेच्या वरच्या थरात तो काही आठवडे टिकतो, त्यामुळे महासागरही ओलांडतो. वसंतात आशियातला ओझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जातो आणि तिथल्या हवेत भर घालतो. आपल्या शेतात मात्र मोठा वाटा आपल्याच परिसरातल्या धुराचा असतो. यावर बाजारात मिळणारे कीडनाशक किंवा बुरशीनाशक चालत नाही. उसाचे पाचट आणि गव्हाचे काड न जाळणे एवढे मात्र आपल्या हातात आहे.

सहाराची धूळ दर वर्षी सुमारे २२ हजार टन स्फुरद (फॉस्फरस) दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या जंगलात नेऊन टाकते, असा २०१५ चा नासाचा अंदाज आहे. त्यावरून ‘धूळ म्हणजे फुकटचे खत’ असे समजून यंदाचा डोस कमी करू नका. तो हिशेब अख्ख्या जंगलाचा आहे, एका एकराला त्यातून चिमूटभरच मिळेल.

उघड्या शेततळ्यावर धूळ बसली असेल तर ठिबकचा सँड फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाका आणि वैरण झटकून घाला. सौरपंपाच्या पॅनेलवरची धूळ सकाळी, काच गार असताना, भरपूर पाणी आणि मऊ फडक्याने काढा. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. त्या दिवशी मळणी पुढे ढकला. जमत नसेल तर मळणीवरच्या माणसांना एन-९५ मास्क द्या. नाकाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.