सायकलच्या भरीव चाकासाठी साहित्य कसे निवडावे

फिरणाऱ्या स्पोकांनी हवा घुसळू नये, एवढ्यासाठीच शर्यतीच्या सायकलचे चाक भरीव केले जाते. इटालियन सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेरने जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले, तेव्हा त्याच्या सायकलला अशीच चाके होती. सपाट रस्त्यावर वेग एकदा धरला की दोन-तीनशे ग्रॅमचा जादा भार फारसा नडत नाही. म्हणून साहित्य निवडताना वजनाआधी ताठपणा आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा पाहावा.

कारखान्यात तयार होणाऱ्या चाकांत बहुधा कार्बन फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये फोमचा किंवा अरामिडच्या (मजबूत कृत्रिम तंतूंच्या) जाळीचा हलका गाभा असतो. असे चाक जुने घेत असाल तर ते बोटाने सर्वत्र वाजवून पाहावे. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर तेथे थर गाभ्यापासून सुटलेला असण्याची शक्यता असते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर कार्बनमधील रेझिन (तंतू बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ) लांब उतारावर तापून मऊ पडू शकते, म्हणून ॲल्युमिनियमची ब्रेकपट्टी असलेले चाक अधिक भरवशाचे.

हौशी सायकलस्वाराने मात्र मजबूत स्पोकांच्या चाकावर पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचे आवरण बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ०.५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची दोन्ही बाजूंची आवरणे मिळून सुमारे ३४० ग्रॅम भरतात. एक मिलिमीटरचा पत्रा घेतल्यास वजन दुप्पट होते. ॲक्रिलिक दिसायला तसेच असले तरी ठिसूळ असल्याने टाळावे. पन्हळी पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि हलके असते, पण त्यावर साधा गोंद किंवा रंग धरत नाही.

हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) कड रिमच्या मध्यापासून बाहेर असल्यामुळे सपाट चकती नीट बसत नाही, तिला उथळ शंकूचा आकार द्यावा लागतो. आवरणाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि हबचा उठाव (कड मध्यापासून जितकी बाहेर तितके अंतर) ३५ मिलिमीटर असेल, तर चकतीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर देऊन बाहेरच्या कडेवर सुमारे १३ मिलिमीटर भाग एकमेकांवर चढवावा. साखळीच्या बाजूला उठाव कमी असतो; तो १८ मिलिमीटर असल्यास साडेतीन मिलिमीटर पुरतात.

हे आवरण फक्त मागच्या चाकाला लावावे, कारण पुढचे चाक भरीव असल्यास आडवा वारा हँडल फिरवतो. स्पोक अधूनमधून आवळावे लागतात, तेव्हा आवरण चिकटवून टाकण्याऐवजी काढता येईल असे स्क्रूने बसवावे, आणि पुसताना ॲसिटोन किंवा थिनर वापरू नये. त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात.